सेंटर हाफची जागा

पुण्याच्या त्या हॉकीच्या टर्फवर तिसरा क्वार्टर संपला तेव्हा आम्ही दोन गोलांनी पुढे होतो. उपांत्य सामना होता. आमच्या बाकड्यावरच्या एकीनं अंतिम सामन्याला कुठला ड्रेस घालायचा याची चौकशीही सुरू केली होती. मग शेवटच्या पंधरा मिनिटांत आमचे पाय संपले.

आम्ही सगळ्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या. सराव बारामतीच्या मुरमाच्या मैदानावर. मुरमावर चेंडू अडखळत येतो, त्याला गाठायला सवड मिळते. पाणी मारलेल्या टर्फवर तो हातातून साबण निसटावा तसा निघून जातो आणि त्याच्या मागं पळून पळून मांड्या भरून येतात. समोरच्यांचा पहिला गोल मैदानाच्या मधून चढून आला, दुसरा पेनल्टी कॉर्नरवर झाला. बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये आम्ही हरलो.

शूटआउटमध्ये एक खेळाडू चेंडू घेऊन धावत येते आणि समोर फक्त गोलकीपर असते. हरल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर तीच राहते. आमची गोलकीपर इंदापूरची. तिच्या वडिलांचं तिथं बांगड्यांचं दुकान आहे. परतीच्या गाडीत ती हेल्मेट मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती आणि तिच्या शेजारची सीट कुणी घेत नव्हतं. राग होता म्हणून नव्हे, काय बोलावं ते कुणाला सुचत नव्हतं.

आमची कप्तान उठली आणि तिथं जाऊन बसली. यवत मागं पडल्यावर तिनं पिशवीतून डबा काढला, चपातीवर शेंगदाण्याची चटणी पसरली, गुंडाळी केली आणि गोलकीपरच्या हातात दिली.

"खा."

"भूक न्हाय, ताई."

"भूक मला बी न्हाय. पण सासूबाईंनी एवढ्या चपात्या दिल्यात, परत नेल्या तर मला घरात घेणार न्हाईत."

गोलकीपरला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. रडत रडतच तिनं ती चपाती संपवली.

कप्तान सांगवीची सून. शाळेत असताना ती हॉकी खेळायची, लग्नानंतर खेळ सुटला, आणि मुलगी चालायला लागल्यावर तिनं तो पुन्हा धरला. सकाळी सराव, मग एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगचं काम, संध्याकाळी घरच्या गाईंची धार. आमचा संघ उभा राहिला त्या दिवसापासून ती सेंटर हाफ होती. सेंटर हाफ मैदानाच्या मधोमध खेळते. चढाईला चेंडू तिच्याकडून पुढं जातो आणि समोरच्यांची चढाई आली की पहिल्यांदा तिनंच आडवं व्हायचं असतं. या जागेवर दुसरं कुणी खेळेल असं आमच्यापैकी एकीच्याही मनात कधी आलं नव्हतं. मी उजवी फुलबॅक, म्हणजे तिच्या मागं, गोलकीपरच्या पुढं. खेळताना मला सगळ्यात जास्त काय दिसायचं, तर तिची पाठ.

संघाचे प्रशिक्षक म्हणजे तात्या. लष्करात हवालदार होते, तिथंच हॉकी खेळले, आणि निवृत्त होऊन गावी आल्यावर उसाबरोबर त्यांनी आम्हालाही वाढवायला घेतलं. हरल्यावर ओरडायची त्यांची सवय नाही. ते गप्प होतात. या वेळी ते इतके दिवस गप्प राहिले की आम्हाला काळजी वाटायला लागली.

बाकीचं जग मात्र बोलत होतं. मी शेळगावची, आमची घरची रोपवाटिका आहे. टोमॅटो-मिरचीची रोपं न्यायला येणारे शेतकरी ट्रे मोजून घेता घेता मला सल्ला देऊन जायचे. सल्ला एकच असायचा: गोलकीपर बदला.

मग एके दिवशी तात्यांनी कप्तानाला आणि मला घरी बोलावलं. मी उपकप्तान होते. ओसरीत खुर्च्या मांडलेल्या, समोर उसाला पाणी चाललेलं. पुढच्या हंगामासाठी कोण राहणार, कोण जाणार, नवीन कुणाला घ्यायचं, हे ठरवायचं होतं. आमची डावी इनसाइड, म्हणजे पुढच्या फळीतली एक, पोलीस भरतीत निवडली गेली होती, त्यामुळं ती जागा रिकामी होणार हे नक्की होतं. त्यावर आमचं लवकर एकमत झालं. नंतर तात्यांनी घसा खाकरला.

"गोलकीपर बदला म्हणत्यात समदे."

"समदे म्हंजी कोण?" कप्तानानं विचारलं.

"अगं, स्टँडवर चहा प्यायला गेलो तरी तेच. ज्यांनी जल्मात स्टिक हातात धरली न्हाय, ते बी सांगत्यात."

"मग त्यास्नीच उभं करा की गोलात."

तात्यांच्या मिश्या हलल्या. पण कप्तान थट्टा करत नव्हती. ती खुर्चीत पुढं सरकून बसली.

"तात्या, दोन गोलांनी पुढं असताना सामना शूटआउटला गेलाच कसा? पहिला गोल कुठनं आला?"

"मधनं."

"मधी कोण हुतं?"

तात्या उसाकडं बघत राहिले.

"मी हुते," ती म्हणाली. "त्यांची पोरगी माझ्या बाजूनंच गेली. जाताना मला दिसत हुती. पाय उचलंना. तुमी बी बघितलंय, म्हणून तर इतके दिस गप बसलाय."

मला ते ऐकवेना. मी म्हणाले, "ताई, दमलो तर समद्याच हुतो आमी."

"व्हय. पण तुमच्या वयाला दम परत येतो. माझा येतोय का, ते बघायला पायजे." मग ती तात्यांना म्हणाली, "सगळ्यांना एकदा दमवा आन मग खेळवा. शेवटचा क्वार्टर जसा असतो तसा. मला मोरगावच्या पोरीसमोर उभी करा."

"तू कप्तान हायस. तुझी कसली परीक्षा घिऊ?"

"माझी न्हाय घेतली तर बाकीच्यांची कुठल्या तोंडानं घेणार?"

मोरगावची पोरगी म्हणजे आमच्यातली सगळ्यात नवी. गावाबाहेरच्या वस्तीवर घर, जिरायती रान, बाजरी आणि शेळ्या. बारामतीला कॉलेजात शिकायची आणि सरावासाठी पहिल्या एसटीनं यायची. उपांत्य सामन्यात ती पूर्ण वेळ बाकावर होती. बोलणं कमी, पण पळायला लागली की तिच्यापुढं कुणाचं चालायचं नाही.

परीक्षा मे महिन्यातल्या एका सकाळी झाली. तात्यांनी आम्हाला आधी कालव्याच्या भरावावरून पळवलं, मग मैदानावर आणून वाकवलं, उठवलं, पुन्हा पळवलं. ऊन चढलं होतं. जिभा कोरड्या पडल्यावर त्यांनी दोन संघ केले. एकीकडं सेंटर हाफला कप्तान, दुसरीकडं मोरगावची.

सुरुवातीला पोरगी बिचकत होती. कप्तान चेंडू घेऊन आली की ती बाजूला व्हायची. स्टिक पुढं करायची ती नावापुरती. हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा कप्तानानं चेंडू थांबवला आणि तिथंच उभी राहिली.

"माझ्यावर दया करायला आलीयस का? एवढ्या लांबनं एसटीनं येतीस ते कशाला? घे चेंडू!"

पोरगी लाल झाली. तिनं तात्यांकडं बघितलं. तात्या आभाळाकडं बघत होते.

त्यानंतर मात्र तिनं चेंडू घेतला. पुढच्या वेळी कप्तान आली तेव्हा ती आडवी झाली, स्टिक जमिनीला लावून चेंडू अलगद काढला आणि निघून गेली. कप्तान वळली, चार पावलं धावली आणि मागं राहिली. पुन्हा तसंच. पुढं तर असं झालं की दोघी एकाच वेळी चेंडूकडं सुटल्या, कप्तानाचं अंतर कमी होतं, आणि तरी पोरगी आधी पोचली. माझ्या जागेवरून मला ते स्पष्ट दिसलं. मी रोज बघत आलेली ती पाठ वाकलेली होती, हात गुडघ्यांवर होते.

तात्यांनी शिट्टी वाजवली. मोरगावची पोरगी तर आपण काही गुन्हा केला असावा तशी स्टिक पाठीमागं धरून उभी होती. कप्तानानं पाण्याची बाटली तोंडाला लावली, उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं आणि तिच्यापाशी गेली.

"चेंडू काढलास ते भारी. पण काढल्यावर खाली बघत पळतीस. मान वर ठेव, न्हायतर पास द्यायला कोण मोकळी हाय ते कसं दिसणार?" एवढं सांगून ती तात्यांकडं वळली, सगळ्यांसमोर. "बघितलं न्हवं? आता मला भिडंपायी ठेवू नका. आन गोलकीपरला हात लावू नका."

"कोण कुठं खेळंल ते मी ठरवीन," तात्या म्हणाले.

त्या दिवशी घरी येताना मी स्कूटीवर एकटीच तिच्या मोठेपणाचा विचार करत होते. आईला सगळं सांगितलं. संघातल्या इतरजणीही फोनवर तेच बोलत होत्या. हे कौतुक माझ्याबाबतीत चार-सहा दिवस टिकलं.

मग ती स्वतः आमच्या घरी आली. भर दुपारी, सांगवीहून शेळगावपर्यंत स्कूटीवर, डोक्याला ओढणी गुंडाळून. माझे वडील दारातच होते.

"आबा, बरं हाय का? रोपं काय म्हणत्यात?"

"रोपं बरी हायत. तू एवढ्या उन्हाची कुठं?"

"हिच्याशी बोलायचंय."

मी शेडनेटमध्ये ट्रेंना पाणी देत होते. ती आत आली आणि तिनं सरळ सांगून टाकलं.

"तात्या मला फुलबॅकला घेत्यात. उजव्या बाजूला."

"ती माझी जागा हाय."

"व्हय."

पाण्याची नळी माझ्या हातात तशीच राहिली आणि एकाच ट्रेवर पाणी पडत राहिलं. तिनंच ती वाकून बंद केली.

"तू संघात हायस, पण बाकावर बसावं लागंल. तात्या फोन करणार हुते. मी म्हणले, मी जाऊन सांगते. माझ्यापायी हुतंय, तर मीच तोंडावर सांगायला पायजे."

मला रडू आलं नाही, राग आला. "तुमी तुमची जागा सोडली म्हणून सगळीकडं तुमचं नाव झालं. आन जागा गेली माझी!"

"खरं हाय."

"मग तुमी न्हाय म्हणायचं की तात्यांना!"

ती ट्रे ठेवायच्या लोखंडी मांडणीला टेकून उभी राहिली. "आधी म्हणले. मला बाहेर बसवा म्हणले. ते म्हणाले, बॅकला पळायला कमी लागतं, बघायला जास्त लागतं, आन बघायचं तुला कळतं. तवा मी गप बसले. परत न्हाय म्हणले न्हाय. मला अजून खेळायचंय गं. तुला खोटं सांगून काय करू?"

तिनं हे असं कबूल केलं नसतं, तर मी कदाचित तिला कायमची मनातून उतरवली असती. संघासाठी, पोरींच्या भविष्यासाठी, असं काहीही ती म्हणू शकली असती आणि ते शोभलंही असतं. तिनं तसलं एक अक्षर काढलं नाही.

"मी त्यांना विचारलं, हिच्यात काय कमी हाय," ती पुढं म्हणाली. "ते म्हणाले, चेंडू मिळाला की पास द्यायला येळ लावती. त्यात खोटं न्हाय. पण चढून आलेल्या विंगला कडंला ढकलत न्यायचं तुझ्यासारखं कुणाला जमत न्हाय. मला तर अजिबात न्हाय. ते मला शिकव."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "माझी जागा घ्यायची, आन वर ती खेळायची कशी ते मीच शिकवायचं?"

"व्हय. लई मागतीय, कळतंय मला. आत्ता सांगू नकोस."

आईनं तिला चहाला थांबवलं. स्वयंपाकघरात दोघींच्या पोराबाळांच्या, गाईंच्या गप्पा मला ऐकू येत होत्या. मी शेडनेटमधून बाहेर आले नाही. ती गेल्यावर आई म्हणाली, "एवढ्या उन्हात तोंडावर सांगायला आली. दुसरं कुणी एक मेसेज टाकून मोकळं झालं असतं." मी आईवरही चिडले.

पुढचे काही दिवस मी सरावाला गेले नाही. ग्रुपवर कुणी कुणी विचारत होतं, मी उत्तर देत नव्हते. तिचा एकही फोन आला नाही, आणि त्याचाही मला राग येत होता. शेवटी गेले ती स्टिक आणायला म्हणून गेले. स्टिक मैदानाच्या खोलीत राहिली होती. पोचले तेव्हा तात्या बचावाचा सराव घेत होते आणि कप्तान माझ्या जागेवर उभी होती. उजव्या कडेनं विंग, म्हणजे कडेकडेनं चढणारी खेळाडू, आली की ती सरळ अंगावर धावून जात होती, आणि विंग प्रत्येक वेळी आतल्या बाजूनं निसटून जात होती. सेंटर हाफची सवय. तिथं असंच धावून जावं लागतं. मी रेषेबाहेर उभी राहून दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा राहवलं नाही.

"अहो, धावून काय जाताय! आतली बाजू बंद करा आन तिच्या संगं पळा! ती आपोआप कडंला जाती!"

तिनं मागं वळून बघितलं, मान हलवली आणि परत जागेवर जाऊन उभी राहिली. पुढच्या वेळी विंग कडेला गेली. चेंडू रेषेबाहेर गेला. तात्या म्हणाले, "बूट आणलेत का? मग घाल की."

तो पावसाळा मी तिला शिकवण्यात घालवला. इतकी मोठी खेळाडू, पण शिकताना ती पहिल्या दिवशी आलेल्या पोरीसारखी ऐकायची. चुकली तर कारण द्यायची नाही. आता तिच्या पुढं मोरगावची पोरगी खेळत होती. सुरुवातीला त्या पोरीच्या तोंडातून आवाज फुटायचा नाही, आणि सेंटर हाफला तर सारखं ओरडावं लागतं. कप्तान तिला म्हणायची, "मी पुढं आले की मला हाकल. मोठ्यानं." एकदा खरंच जुन्या सवयीनं कप्तान मधोमध आली, तर पोरगी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ताई, मागं!" आणि मग तोंडावर हात ठेवला. कप्तान मान खाली घालून निमूट मागं गेली. मी तिच्या सासूबाईंना तिला काही सांगताना बघितलं आहे. तिथं ती एवढ्या सहज ऐकत नाही.

सरावानंतर आणखी एक गोष्ट तिनं सुरू केली. प्रत्येकीनं घरी जाण्याआधी एकदा गोलकीपरसमोर शूटआउट घ्यायचा. गोलकीपर हरली तर टाळ्या नाहीत, जिंकली तर सगळ्यांनी वाजवायच्या. काही आठवड्यांनी गोलकीपर आमची नक्कल करायला लागली: कोण डावीकडं बघते आणि उजवीकडं मारते, कोण आधी जीभ चावते. तिला हसताना बघून तात्या एकदा म्हणाले, "बरं झालं हिला काढली न्हाय." कप्तान फक्त "व्हय" म्हणाली.

मीही माझा वेळ लावण्याचा दोष घालवायच्या मागं लागले. तात्यांनी उपाय साधा सांगितला: चेंडू स्टिकपाशी यायच्या आधीच मागंपुढं बघून ठेवायचं. पण साधं करायलाच वेळ लागतो. घरी ट्रे उचलून नेतानासुद्धा मी आधी कोण कुठं उभं आहे ते बघायला लागले. वडील म्हणाले, "हिला झालंय काय?"

पुढच्या हंगामात आम्ही पुन्हा उपांत्य सामन्यापर्यंत पोचलो. प्रतिस्पर्धी दुसरे होते, टर्फ तेच. शेवटच्या क्वार्टरला आम्ही एका गोलानं पुढे. मी बाकावर, नडग्यांना शिनगार्ड बांधून. मोरगावची पोरगी पहिल्या मिनिटासारखीच धावत होती, आणि मान वर ठेवून. अर्धा क्वार्टर गेला असेल, चेंडू बाहेर गेला होता, तेव्हा कप्तानानं आमच्या बाकाकडं बघून हात वर केला. दुखापत झाली असं वाटून तात्या उभे राहिले. तिनं माझ्याकडं बोट केलं.

बाहेर येताना ती मला एवढंच म्हणाली, "विंग ताजी हाय, आतनं जाईल. कडंला ने." श्वास लागल्यामुळं तिचे शब्द तुटत होते. मी आत गेले. विंग खरंच आतून यायला बघत होती. मी तिला कडेला नेलं, चेंडू मिळाला, वर बघितलं, मोरगावची मोकळी होती, मी लगेच पास दिला. बाकावरून कप्तानाचा आवाज आला, "आत्ता कसं!" आम्ही तो सामना जिंकलो.

नंतर मी तिला विचारलं, अजून पाच मिनिटं तर चाललं असतं, मग बाहेर का आलात? ती म्हणाली, "चाललं असतं. पण तू जास्त चांगलं खेळली असतीस." आणि डब्यातली चटणी माझ्याकडं सरकवली.

अंतिम सामना आम्ही एका गोलानं हरलो. ज्यांच्याकडून आदल्या वर्षी हरलो होतो त्यांच्याकडूनच. त्या आमच्यापेक्षा चांगल्या खेळल्या. गोलकीपरनं इतके चेंडू अडवले की शेवटी समोरच्या पोरी तिच्याशी हात मिळवायला रांग लावून आल्या. कुणी रडलं नाही. तात्याही या वेळी गप्प झाले नाहीत. गाडीत बसल्याबसल्या त्यांनी नवीन डावी विंग कुठल्या शाळेत बघून ठेवली आहे ते सांगायला सुरुवात केली.

त्या सामन्यातला आमचा एकमेव गोल मोरगावच्या पोरीनं केला. आपल्याच अर्ध्यात चेंडू काढला, दोघींना चुकवून वर बघत पळाली, पास द्यायला कुणी मोकळी नाही हे बघितलं आणि स्वतःच मारला. गोलच्या फळीवर चेंडूचा आवाज झाला आणि आमची कप्तान उजव्या फुलबॅकची जागा सोडून, दोन्ही हात वर करून, अख्खं मैदान ओलांडत तिच्याकडं धावत सुटली. एवढ्या वेगानं धावताना मी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं. पोरीला तिनं उचललंच. इकडं तात्या रेषेवर येऊन ओरडत होते, "अगं कप्तान, मागं ये! मागं कोण न्हाय!"